आजही फेस आला नाही

निवृत्त मास्तर एका रविवारी सकाळी माझ्या घरी आले, खुर्ची ओढून बसले आणि दाढीच्या ब्रशाची निगा कशी राखावी यावर त्यांनी मला पाऊण तास शिकवलं. ब्रश आधी कोमट पाण्यात दोन मिनिटं भिजवायचा. उकळत्या पाण्यात कधीच नाही, कारण मुळाशी चिकटवलेले केस सुटतात आणि मग दाढी ब्रशाचीच होते. भिजला की झटकायचा, पण कोरडाठाक करायचा नाही. वाटीत गोल फिरवायचा, ठेचायचा नाही. पाणी जड असेल तर साबण त्याच्याशी भांडण्यातच संपतो, फेसासाठी काही उरत नाही. मास्तरांनी चाळीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं होतं, त्यामुळे मध्ये बोलायची सोय नव्हती. सगळं संपल्यावर मी विचारलं, की हे मला का?

"तुझ्या ब्रशाला फेस येत नाही ना," ते म्हणाले. "तुझे भावोजी सांगत होते. फार काळजीत दिसले तुझ्या."

मी गेली बावीस वर्षं दाढी राखून आहे. चांगली भरघोस, पोटापर्यंत नसली तरी दुसऱ्या गुंडीपर्यंत येणारी. ती पाऊण तास मास्तरांच्या नाकासमोर होती. पण समोर कोण बसलंय हे न बघता शिकवायची सवय चाळीस वर्षांची, ती एका दाढीने कशी मोडणार?

मास्तर गेले तसा मी चपला सरकवल्या आणि ताईकडे निघालो. भावोजी खोटं बोलले होते, ही साधी गोष्ट नव्हती. या माणसाला खोटं बोलताच येत नाही. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात ताईने स्वयंपाक कसा झालाय म्हणून विचारलं, तेव्हा उत्तर द्यायला त्यांनी इतका वेळ घेतला की ताईने ताट उचलून परत चुलीकडे नेलं. अशा माणसाने मी कधी करतच नसलेल्या दाढीची काळजी वाहावी, म्हणजे पाणी कुठेतरी मुरत होतं.

आमचे भावोजी पाट्या रंगवतात. गावात त्यांना नावाने कोणी हाक मारत नाही. पेंटर म्हटलं की तेच. छापील फलकांची यंत्रं आली तेव्हा बाकीच्या रंगाऱ्यांनी दुसरे धंदे धरले, पण भावोजी चिकटून राहिले. डॉक्टरांची वेळ बदलली, दुकानाच्या शटरवर नंबर टाकायचा आहे, बसच्या मागे शहाणपण लिहायचं आहे, असली कामं त्यांच्याकडे येत राहिली. त्यांचा अभिमान एकच होता. सगळे रंगारी ओळ आखताना भिंतीवर खडूची दोरी ताणतात, भावोजी ताणत नाहीत. हात उचलायचा, श्वास धरायचा आणि सहा फूट ओळ एका दमात ओढायची. कोणी दोरी देऊ केली तर ते म्हणायचे, दोरी गाढवाला बांधतात, ओळीला नाही.

या अभिमानाला जागेवर ठेवण्याचं काम गेली एकतीस वर्षं ताईकडे होतं. पाटी झाली की ती रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहायची, डोळे बारीक करायची आणि म्हणायची, "तिसरं अक्षर बसलंय." भावोजी म्हणायचे, बसलेलं नाही. ती म्हणायची, बसलंय. मग भावोजी शिडीवर चढायचे आणि तिसऱ्या अक्षराला उठवून उभं करायचे. एकतीस वर्षांत तिने एकही पाटी पहिल्या नजरेत पास केली नव्हती. आम्हा भावंडांवरही तिची हीच नजर होती, त्यामुळे भावोजींबद्दल मला पहिल्यापासून बंधुभाव वाटत आला आहे.

मी पोचलो तेव्हा ताई दारातच उभी होती. मी पायरीवर आलो तरी ती माझ्याकडे बघत गप्प. मी म्हटलं, काय ताई, ओळख विसरलीस? तेव्हा म्हणाली, "अरे तू होय." ऊन डोळ्यांवर येत असेल, असं वाटून मी आत गेलो.

भावोजी मागच्या अंगणात नळाशी बसले होते. गालाला साबणाचं पांढुरकं पाणी लागलेलं, हातात ब्रश आणि समोर वाटी. वाटीत ब्रश फिरवण्याचा खडखड आवाज चालला होता. मी वाकून बघितलं. फेस म्हणावा असं काही नव्हतंच. कपडे धुतल्यावर बादलीत उरतं तसलं पाणी आणि त्यावर चार बुडबुडे. तेही माझ्या डोळ्यांदेखत एकेक करून निघून गेले. ब्रशाला फेस येत नव्हता, पण घोटून घोटून भावोजींच्या तोंडाला आला होता.

"मास्तर येऊन गेले," मी म्हटलं. "माझा ब्रश कसा आहे म्हणून विचारत होते."

भावोजींनी ब्रश खाली ठेवला, स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं, नळ मोठा सोडला आणि त्या आवाजाच्या आडून मला सगळं सांगितलं.

त्यांचे वडीलही पेंटरच होते. एका सकाळी ते दाढीला बसले आणि म्हणाले, आज फेस येत नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही. महिन्याभरात वाटी हातातून सुटली, वर्षात रेघ वाकडी झाली, आणि दोन वर्षांनी त्यांना पाणीसुद्धा दुसऱ्याने पाजायची वेळ आली. घरच्यांना मागाहून कळलं, की आजाराने पहिली सही केली होती ती साबणाच्या वाटीत. फेस यायला मनगटात जोर लागतो, फिरकी लागते. मनगट गेलं की फेस गेला. आणि आता तीन आठवडे झाले, भावोजींच्या वाटीत फेस येत नव्हता.

मी हसण्यावारी न्यायला गेलो, पण त्यांच्याकडे पुरावे होते. सोमवारी फेस बरा येई. रविवारी काम बंद, म्हणजे हाताला विश्रांती, म्हणजे सोमवारी मनगट थोडं ताजं. मंगळवारपासून पुन्हा तेच. शिवाय अक्षरांच्या सावल्या पूर्वीसारख्या मऊ उतरत नव्हत्या, ओरखडे उठत होते. ताई हल्ली सुईत दोरा ओवायला त्यांच्याकडे देत होती. "परीक्षा घेते माझी," भावोजी म्हणाले. "दोरा जातो की नाही ते बघते."

सगळ्यात मोठा पुरावा त्यांनी शेवटी काढला. मागच्या तीन आठवड्यांत त्यांनी पाच पाट्या केल्या होत्या आणि पाचही पाट्यांना ताई रस्त्यापलीकडून म्हणाली होती, छान आहे.

"एकतीस वर्षांत कधी म्हटलं नाही रे," ते म्हणाले. "तिला कळलंय. कीव करते माझी."

आजारावर एकवेळ औषध असेल, पण ताईने एखाद्या गोष्टीला छान म्हटलं, म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं असणार, हे मला लहानपणापासून माहीत होतं.

त्यात भर वाचनालयाची. गावाच्या नव्या वाचनालयाच्या चाळीस फूट भिंतीवर हाताने रंगवलेलं नाव हवं होतं. कित्येक वर्षांत असं काम आलं नव्हतं. चिटणीस स्वतः येऊन विचारून गेले होते आणि शनिवारी दुपारपर्यंत उत्तर द्यायचं ठरलं होतं. पूर्वी भावोजींनी चिटणिसांचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत शिडी खांद्यावर घेतली असती. आता ते म्हणाले होते, बघतो.

मी म्हटलं, सोपं आहे. नवा ब्रश आणा. त्याला फेस आला तर दोष ब्रशाचा, हात ठणठणीत.

भावोजींनी जुना ब्रश बोटाने चाचपला. मग अगदी हळू म्हणाले, "आणि त्यालाही नाही आला तर?"

जुना ब्रश होता तोवर आरोपी दोन होते. नवा ब्रश आणला की एकच उरणार होता. मी डॉक्टरांचं नाव काढलं तर तेही नको, कारण डॉक्टर हातच बघायला मागतील.

मंगळवारपासून चार दिवस मागच्या अंगणात मास्तरांच्या सूचनेनुसार तपास चालला. अर्थातच माझ्या नावाने. मास्तर मला रस्त्यात अडवून निकाल विचारत आणि पुढचा प्रयोग सांगत. त्यांचा नियम पक्का होता, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मंगळवारी पाणी बदललं. बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी आणून भावोजींनी त्यात ब्रश भिजवला, फेस आला नाही. पाणी निर्दोष सुटलं. बुधवारी साबण बदलला, काल उघडलेला, कागदाचा वासही न गेलेला. साबण निर्दोष सुटला. गुरुवारी वाटी बदलली, कारण गुळगुळीत वाटीत ब्रशाला पकड मिळत नाही असं मास्तरांचं मत पडलं. ताईच्या स्वयंपाकघरातली एक खरबरीत वाटी गेली आणि तीही निर्दोष सुटली. एरवी एवढे निर्दोष सुटले तर माणसाला आनंद व्हावा. इथे मात्र एकेक आरोपी घरी जात होता आणि पिंजऱ्यात भावोजींचा उजवा हात एकटा पडत चालला होता.

तो हात आता खरोखरच कापायला लागला होता. कोणताही हात कापेल, दिवसभर त्याच्याकडे टक लावून बघितलं तर. भावोजी काठोकाठ भरलेला पेला उचलून अंगणात फेऱ्या मारत आणि किती थेंब सांडले ते बघत. पाणी सांडलं की घाबरत आणि घाबरले की आणखी सांडे. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर रेघा ओढून ते कागद खिशात ठेवत. शुक्रवारी मी गेलो तर त्यांच्या गालावर तीन ठिकाणी कापूस चिकटवलेला होता. ताईने त्याबद्दल त्यांना काही विचारलं नव्हतं. तेही भावोजींनी पुराव्यात जमा केलं.

शनिवारी सकाळी मी ठरवून गेलो. वाटेत दुकानातून एक नवा ब्रश घेतला. दुकानदाराने माझ्या दाढीकडे बघितलं, ब्रशाकडे बघितलं आणि काही न बोलता पुडी बांधली. ताई बाजारात गेली होती. मी अंगणात जाऊन ब्रश भावोजींच्या हातात दिला. त्यांनी तो विंचू दिल्यासारखा घेतला.

मी म्हटलं, दुपारी चिटणीस येणार. त्यांना काय सांगायचं ते आत्ता कळू दे.

आधी त्यांनी हात धुतले. मग नवा ब्रश कोमट पाण्यात ठेवला आणि दोन मिनिटांच्या जागी दहा मिनिटं ठेवला. मग म्हणाले, नवा आहे, अजून भिजू दे. मी भिजू दिला. मग म्हणाले, वारा आहे. मी दार लावलं. मग बोलायला काही उरलं नाही. त्यांनी ब्रश झटकला, साबणावर फिरवला, वाटी डाव्या हातात घट्ट धरली आणि डोळे मिटले. चाळीस फूट भिंतीसमोर दोरीशिवाय उभा राहणारा हा माणूस, वाटीत बघायला घाबरत होता. खडखड सुरू झाली. मीही दुसरीकडेच बघत होतो. भिंतीवरून एक मुंगी चालली होती, तिच्यावर मी माझं सगळं लक्ष लावलं.

थोड्या वेळाने खडखड थांबली. नाही, थांबली नव्हती. आवाज मऊ झाला होता, जाड कापडावर हात फिरवावा तसा.

मी वळून बघितलं. वाटी भरली होती. फेस काठावर चढला होता, त्यांच्या बोटांवरून उतरला होता, मनगटावर आला होता आणि कोपराच्या दिशेने चालला होता. भावोजींचे डोळे अजून मिटलेलेच होते.

"भावोजी," मी म्हटलं, "बाही वर करा."

त्यांनी डोळे उघडले. मग उलट्या बादलीवर बसले, फेसाने भरलेला हात समोर धरला आणि तो पुढून मागून बघितला, जसा कोणी गावाहून आलेल्या नातवाला बघावा. पुन्हा उठून त्यांनी वाटीत ब्रश फिरवला. पुन्हा आला. तिसऱ्यांदा डाव्या हाताने फिरवला, तरी आला. मग ते हसायला लागले आणि मीही. दोन प्रौढ माणसं सकाळी नऊ वाजता एका वाटीकडे बघून खो खो हसत होती, त्यातल्या एकाला छातीपर्यंत दाढी.

हसणं ओसरल्यावर भावोजींनी जुना ब्रश उचलला. आता त्यांच्यातला पेंटर जागा झाला होता. केस बोटांत घेऊन चोळले. वर्तमानपत्राच्या कडेवर दाबले आणि तो कागद उन्हात धरला. पाणी वाळलं. पण कागदावर एक डाग राहिला, आरपार दिसणारा.

"तेल आहे," ते म्हणाले. "थेंबभर तेल असलं की साबण मेला. हे मला हाताला कळायला हवं होतं. मी हातच बघत बसलो."

तेल कुठून आलं ते सांगायला त्यांना वेळ लागला, कारण सांगायच्या आधी ते त्यांना स्वतःला कळलं आणि चेहऱ्यावरचं हसू जिथे होतं तिथेच थांबलं.

त्यांच्या घरची एक पद्धत आहे. भावोजी कामावरून ब्रश रॉकेलमध्ये खळबळून आणतात. संध्याकाळी ताई ते या नळावर साबणाने धुते आणि नळावरच्या खिडकीत निथळायला ओळीने उभे करते. मग स्वयंपाक आटोपून येते आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब प्रत्येक ब्रशाच्या केसांना चोळते, टोक बोटांनी जुळवते. त्या तेलाला ना रंग ना वास. त्याने केस मऊ राहतात, ब्रश दहा दहा वर्षं टिकतात. ब्रश नऊ. नऊ मोजले की तिचं काम संपलं. त्यातला नववा म्हणजे सावल्या मऊ करायचा गोल गुबगुबीत आखूड दांड्याचा ब्रश. त्याचं नाव बोका. आणि त्याच खिडकीत, कोपऱ्यात, वर्षानुवर्षं भावोजींचा दाढीचा ब्रशही उभा असतो. तोही गोल, गुबगुबीत, आखूड दांड्याचा.

भावोजींनी खिडकीतून बोका उचलला आणि माझ्या तळहातावर घासला. केस काथ्यासारखे टोचले. तीन आठवडे त्याला तेल लागलं नव्हतं. सावल्यांत ओरखडे उठत होते ते त्याचे. बोक्याचं तेल रोज संध्याकाळी दाढीच्या ब्रशाला जात होतं. फक्त रविवारी ब्रश धुतले जात नव्हते, म्हणून सोमवारी फेस येत होता.

बोक्याचा दांडा लाल होता, दाढीच्या ब्रशाचा पांढरा. एकतीस वर्षं रस्त्यापलीकडून बसलेलं अक्षर पकडणाऱ्या बाईला हातातला लाल आणि पांढरा कळत नव्हता.

सुईदोरा मला आठवला. दारात माझा आवाज येईपर्यंत गप्प उभी असलेली ताई आठवली. छान आहे आठवलं.

"तिला दिसत नाहीये," भावोजी म्हणाले.

आमच्या आईला शेवटची सहा वर्षं काहीच दिसत नव्हतं. काचबिंदू होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की लवकर दाखवलं असतं तर होती तेवढी नजर राखता आली असती, गेलेली परत येत नाही. आई घाबरून सांगायचीच नाही आणि आम्हाला कळलं तेव्हा ती भिंत धरून चालत होती. ताईने ते सगळं केलं होतं, भरवण्यापासून वेणी घालण्यापर्यंत. मघाशी या अंगणातून गेलेली भीती कुठे लांब गेलीच नव्हती. एका खोलीतून उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बसली होती, आणि या वेळी ती माझ्याकडेही बघत होती.

मी म्हटलं, ती आली की विचारू. भावोजी नको म्हणाले. सरळ विचारलं तर ती सरळ नाकारेल, ही गोष्ट एकतीस वर्षांच्या अनुभवाची होती. त्यांनी एक पांढरी रंगवलेली फळी काढली, लाकडी घोड्यावर ठेवली आणि रंग कालवला. मी त्यांच्या हाताकडे बघत होतो. तो कापत नव्हता. बहुधा त्याला आता स्वतःकडे बघायला वेळ नव्हता. पहिली ओळ वीतभर उंचीची. दुसरी चार बोटं. तिसरी दोन बोटं. चौथी करंगळीच्या नखाएवढी. आणि पाचवी त्यांनी सगळ्यात बारीक ब्रशाने लिहिली, मुंगीने पाय शाईत बुडवून चालावं तशी, श्वास धरून, दोरीशिवाय.

ताई बाजारातून आली. तिने पिशवी ठेवली. भावोजी म्हणाले, पाटी झालीये, बघ जरा. ती नेहमीसारखी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली आणि तिने डोळे बारीक केले.

"वाचून दाखव," भावोजी म्हणाले. "शुद्धलेखन तपासायचंय."

"पेंटरची बायको," ताईने वाचलं आणि आमच्याकडे बघितलं. "हे काय काढलंय?"

"पुढे."

"ओळ सरळ आहे का ते सांगते," ताईने दुसरी ओळ वाचली. मग तिने मान पुढे काढली. तिसऱ्या ओळीत होतं, एकतीस वर्षं चुका काढते. ताईने त्यातलं एकतीस वाचलं आणि चुका वाचलं. मग मान हलवून म्हणाली, "छान आहे."

"आणि शेवटच्या ओळीत काय आहे?" भावोजींनी विचारलं.

ताई म्हणाली, "तुमचं नाव आणि पत्ता."

सगळ्या पाट्यांच्या शेवटच्या ओळीत तेच असतं. तिचं चुकलं नव्हतं, फक्त तिने वाचलं नव्हतं. भावोजींनी ब्रश खाली ठेवला. तेव्हा तिला कळलं. ती अंगण ओलांडून फळीपाशी आली, वाकली, आणखी वाकली. चौथी ओळ होती, हल्ली नुसतं छान म्हणते. पाचवी वाचायला ती इतकी जवळ गेली की ओला रंग नाकाच्या शेंड्याला लागला. पाचव्या ओळीत होतं, डोळे दाखवायला जाऊ या, मी बरोबर येतो.

ती वाकलेलीच राहिली. मग विचारलं, "कशावरून कळलं?"

भावोजींनी जुना, तेलकट दाढीचा ब्रश तिच्या हातात दिला. तिने बोटांनी दांडा चाचपला, केस चाचपले, आणि तिच्या बोटांनी जे कळायचं ते तिला सांगितलं.

"म्हणजे रोज मी याला..." ती म्हणाली आणि थांबली. "आणि मला वाटलं, तुमचा हात गेला."

तिला दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. रोज सकाळी स्वयंपाकघरात उभी राहून ती वाटीतली खडखड ऐकत होती. पूर्वी दोन मिनिटांत संपायची, मग पाच, मग दहा. सासऱ्यांची गोष्ट तिलाही माहीत होती. म्हणून तिने डोळ्यांचं कोणाला सांगितलं नव्हतं. "आधी तुमचं कळू दे म्हटलं," ती म्हणाली. "एका घरात एका वेळी एकच आजार पुरे."

आजार दोघांनी लपवला होता, एकमेकांची काळजी घेत, आणि दोघांच्या मध्ये बिचारा एक ब्रश रोज संध्याकाळी तेल खात होता आणि रोज सकाळी मार खात होता. मला हे हसू येण्यासारखं वाटलं, पण ताईच्या नाकाच्या शेंड्यावर निळा ठिपका होता आणि डोळ्यांत पाणी, त्यामुळे मी दाढी कुरवाळत उभा राहिलो.

दुपारी चिटणीस आले. भावोजी म्हणाले, काम करतो, पण थोडं थांबावं लागेल. ओळ सरळ आहे का ते सांगणारं माणूस सध्या मोकळं नाही.

सोमवारी आम्ही तिघे डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. बाहेरच्या बाकावर ताई मधे, तिचे दोन्ही हात पदरात. ती एकदाच बोलली. "आईसारखं असेल का रे?" मी म्हटलं, छे. माझ्याही तोंडून खोटं नीट निघालं नाही. आत गेल्यावर भावोजींनी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता बघितला आणि सहावी ओळ उजवीकडे उतरलीय असं डॉक्टरांना सांगितलं. घाबरले की ते असेच दुसऱ्यांच्या पाट्यांत चुका काढतात. डॉक्टरांनी ताईच्या डोळ्यांत उजेड टाकला, यंत्रावर हनुवटी ठेवायला लावली, डोळ्यांतला दाब मोजला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो आणि तोंड काही सांगत नव्हतं. शेवटी त्यांनी दिवा बंद केला.

"मोतीबिंदू आहे," ते म्हणाले. "दोन्हीकडे. काढून टाकू."

काचबिंदू नाही ना, हे भावोजींनी तीनदा विचारलं. डॉक्टरांनी तीनदा नाही म्हणून सांगितलं आणि चौथ्या वेळी त्यांना बाहेर बसायला सांगितलं.

दोन महिन्यांनी वाचनालयाची भिंत झाली. चाळीस फूट, दोरीशिवाय. मास्तरही बघायला आले होते. त्यांनी मला हळूच विचारलं, ब्रश कसा आहे आता? मी म्हटलं, उत्तम, भरपूर फेस येतो. ते समाधानाने म्हणाले, शेवटी पाणीच होतं ना? मी हो म्हटलं.

ताई रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहिली. काळा चष्मा काढला, दोन्ही डोळे बारीक केले आणि भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. परत सुरुवातीपासून बघितली. भावोजी भिंतीला बांधलेल्या बांबूच्या पहाडावर ब्रश हातात धरून उभे होते, इकडे पाठ करून. मला त्यांची मान तेवढी दिसत होती, ताठ. मी मनातल्या मनात म्हणत होतो, बाई, काहीही म्हण, पण छान म्हणू नकोस.

"चौथं अक्षर बसलंय," ती ओरडली.

भावोजींनी वळूनही बघितलं नाही. "बसलेलं नाही," ते म्हणाले, पण त्यांचा एक पाय खाली उतरायला लागलाच होता.

"बसलंय म्हणते ना."

ते पहाडावरून उतरले, रस्ता ओलांडून तिच्या शेजारी उभे राहिले आणि बघितलं. मलाही बघायला लावलं. मला चौथं अक्षर बाकीच्यांसारखंच दिसलं, अजूनही दिसतं. भावोजी म्हणाले, "हो गं, बसलंय." मग बोका घेऊन पुन्हा चढले.